दुसरी बाटली

३ फेब्रुवारी

धाकट्या,

वर 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं. मग 'अनेक आशीर्वाद' लिहिलं, तेही खोडलं. नऊ वर्षं ज्याच्याशी एक शब्द बोलले नाही त्याला आशीर्वाद द्यायचा हक्क उरतो की नाही, कोण जाणे. खोडलेलं दोन्ही वाचता येतंय, तेवढ्यावर भागव.

पत्र वाचून फाडलंस तरी चालेल. फाडण्याआधी एक काम कर. जवळच्या कुठल्याही लॅबमध्ये जा आणि हिपॅटायटिस सी ची रक्ततपासणी करून घे. नाव कागदावर लिहून ने, म्हणजे ए की बी असा घोळ नको.

आमच्या गोदामात परवा आरोग्य शिबिर झालं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की पन्नाशी उलटलेल्या प्रत्येकाने ही तपासणी करावी. हा विषाणू तीस-तीस वर्षं लिव्हरमध्ये बिऱ्हाड करून राहतो आणि घरमालकाला पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तेव्हा घर पडायला आलेलं असतं. वेळेत कळलं तर तीन महिन्यांच्या गोळ्यांनी जातो म्हणे. तू आता बावन्नचा, म्हणून आठवण झाली. एवढंच.

बाटली बरी आहे. हो, अजून सगळे तिला बाटलीच म्हणतात. नाव मामाने ठेवलं, भोगते आहे भाची. शाळेत भूगोल शिकवते आणि घरचं नाव मुलांच्या कानावर जाऊ नये म्हणून आम्हाला शाळेच्या फाटकाजवळही फिरकू देत नाही.

तुझा पत्ता तुझ्या छापखान्यातून मिळवला. उत्तर पाठवायची गरज नाही. तपासणी मात्र कर.

ताई


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तराची गरज नाही असं मीच लिहिलं आणि गेले सोळा दिवस पोस्टमनच्या वाटेकडे मीच डोळे लावून बसले. जित्याची खोड, दुसरं काय.

आधीच्या पत्रात मी खोटं लिहिलं. शिबिर-बिबिर काही झालं नाही. आमची मालकीणबाई फुकट चहा पाजत नाही, ती शिबिर कुठलं भरवते! खरं सांगते, आता सांगायलाच हवं, कारण खोट्या कारणासाठी तू लॅबची पायरी चढणार नाहीस. सुईला तू किती घाबरतोस ते मला माहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या घोट्यांच्या वर बारीक जांभळे ठिपके उठायला लागले. खाज नाही, आग नाही, आणि बोटाने दाबले तरी फिके पडत नाहीत. मग पायांची बोटं बधिर झाली, गुडघे धरले, आणि जिना चढताना मधल्या पायरीवर बसकण मारायची वेळ आली. माझं काम तुला माहीत आहे. फुलांच्या गोदामातल्या कोल्ड रूममध्ये रोज सात तास, चार डिग्रीत. गुलाबाची खालची पानं खुडायची, दांड्या लांबीप्रमाणे लावायच्या, दहा-दहाची जुडी करून रबर चढवायचं. माझ्या शेजारी उभी राहते तिला आम्ही कात्री म्हणतो. कात्री तिच्या हातात असते आणि तोंडातही. एकदा कपडे बदलताना तिने माझे पाय पाहिले आणि म्हणाली, "तुझे ठिपकेसुद्धा रविवारची सुट्टी घेतात का गं? सोमवारी सकाळी पाय स्वच्छ, मंगळवारी पुन्हा शाई सांडलेली."

आम्ही हसलो. पण बाईने रोग बरोबर पकडला होता, डॉक्टरांच्याही आधी.

कातडीच्या डॉक्टरांनी मलम दिलं. हाडांच्या डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं. तुझ्या भाऊजींनी मोजे बदलायचा सल्ला दिला. शेवटी सांध्यांच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि सहज कात्रीचं बोलणं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, काही जणांच्या रक्तात एक प्रथिन तयार होतं, ते थंडीत घट्ट होतं आणि बारीक नसांमध्ये अडकून बसतं. त्याचं नाव क्रायोग्लोब्युलिन. नाव घेताना माझ्या जिभेला गाठ पडते, म्हणून मी त्याला साका म्हणते. तपासणी लिहून दिली. रिपोर्ट आला: काही नाही.

झालं. दोन महिने मी पुन्हा मलम चोळत बसले.

मग एके दुपारी लॅबमधून एक वयस्कर बाई फोनवर. "मागच्या वेळी तुमचं रक्त इकडे कशातून आलं, आठवतं?" म्हटलं, बर्फाच्या डब्यातून, सगळ्यांचं येतं तसंच. पलीकडून कपाळावर हात मारल्याचा आवाज मला खरंच ऐकू आला. "अहो, जे थंडीत खाली बसतं तेच आम्ही बर्फात घालून आणलं! ते वाटेतच बसलं आणि गुठळीबरोबर कचऱ्यात गेलं. उरलेल्यात आम्ही शोधत राहिलो. चूक आमची आहे. नवीन नियम निघाला, प्रत्येक नळी बर्फात. मुलींनी नियम पाळला, बिचाऱ्यांचा काय दोष. तुम्ही पुन्हा या. नाही, तुम्ही येऊ नका, मीच येते."

आणि ती आली, धाकट्या. काखेत थर्मास घेऊन. आत कोमट पाणी, पाण्यात रिकामी नळी, आधीच कोमट केलेली. दवाखान्यात माझं रक्त घेतलं, नळी पुन्हा थर्मासात टाकली, थर्मास कोटाच्या आत छातीशी धरला आणि रस्ता ओलांडून लॅबमध्ये गेली. मी खिडकीतून बघत होते. दोन्ही बाजूंच्या गाड्या तिने हात दाखवून थांबवल्या. माझ्या रक्ताची एवढी बडदास्त कुणी ठेवल्याचं मला आठवत नाही. म्हणजे आठवतं. एकदाच. तिकडे येतेच आहे.

आठवड्याने मी स्वतः लॅबमध्ये गेले, म्हटलं, मला बघायचंय. थर्मासबाईंनी फ्रिजमधून नळी काढली. तळाशी बोटभर पांढरा साका. मग ती नळी त्यांनी माझ्याच मुठीत दिली. "धरा थोडा वेळ." हळूहळू साका विरघळला आणि नळी नितळ झाली. माझं दोन वर्षांचं दुखणं माझ्याच मुठीत दिसेनासं झालं. मला रडू आलं, थर्मासबाईंनी नळी पटकन काढून घेतली, पडेल म्हणून.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा साका उगाच होत नाही. बहुतेक वेळा मागे हिपॅटायटिस सी असतो. विषाणू लिव्हरमध्ये दडून बसतो, अंगातली फौज वर्षानुवर्षं त्याच्याशी लढायला हत्यारं घडवत राहते, आणि शेवटी ती हत्यारं एकमेकांत अडकून आपल्याच नसांवर पडतात. मी म्हटलं, चोर सोडून संन्याशाला फाशी. त्या म्हणाल्या, अगदी. काहींना माझ्यासारखा साका होतो, काहींच्या रक्त गोठवणाऱ्या पेशीच ही फौज खाऊन टाकते. माझी तपासणी झाली. विषाणू निघाला. लघवीतून प्रथिनही जायला लागलंय, म्हणजे किडनीच्या दारापर्यंत गोष्ट आली होती.

मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला कधी रक्त चढवलं होतं का?"

मी म्हटलं, "नाही."

तोंडातून गेलंच ते. घरी आले, भांडी घासली, सगळी भांडी पुन्हा घासली. कारण 'हो' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, कुणाचं. तुझं नाव मी नऊ वर्षांत तोंडातून काढलेलं नाही, ते एका अनोळखी बाईसमोर, असं, रोगाच्या कागदावर काढायचं? चार दिवसांनी परत जाऊन खरं सांगितलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी बाळंतपणात रक्त थांबेना तेव्हा दोन बाटल्या चढवल्या होत्या. एक दवाखान्याच्या साठ्यातली, कुणा अनोळखी माणसाची. एक माझ्या भावाची. तेव्हा ही तपासणी तिथे नव्हतीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्हीपैकी कुठलीही असू शकते, भावाला लगेच कळवा.

अनोळखी माणसाला कळवता येत नाही. तुला येतं. म्हणून हे पत्र.

मी तुला दोष देत नाही. विषाणूचा रिपोर्ट वाचतानाही माझ्या मनात दोष आला नाही. माझ्या मनात आला तो चोवीस वर्षांचा तू, इंजेक्शन बघून दाराआड लपणारा, आणि त्या दिवशी बाही वर करून नर्सला म्हणणारा, "लवकर घ्या, मी डोळे मिटलेत." त्या बाटलीवर मी जगले आणि आपली बाटली आईविना वाढली नाही. तिचीही तपासणी केली. तिला काही नाही.

तू तपासून घे, धाकट्या. हात जोडते.

ताई


८ मार्च

धाकट्या,

अजून काही नाही. भावजयीला फोन करायचा विचार आला, पण मला तुझ्यामागे जासूस लावायचा नाही.

माझ्या गोळ्या सुरू होऊन बारा दिवस झाले. रोज एक, चहाबरोबर. मालकीणबाईंनी मला कोल्ड रूममधून काढून बाहेर पॅकिंगला बसवलं, पगार तोच ठेवला, आणि मी आभार मानायला गेले तर म्हणाल्या, "नाटकं पुरे, खोकी मोज." फुकट चहा न पाजणारी बाई! माणसांबद्दल माझा अंदाज किती चुकतो ते मला या तीन महिन्यांत चांगलंच कळलंय. त्याच चुकीबद्दल आज लिहायचंय.

मी तुला कुंभकर्ण म्हणायची. घरात सगळ्यांनी ते उचललं. तू जेवताना पेंगायचास, कुणाकडे गेलास की पहिल्यांदा खुर्ची शोधायचास. मी पाहुण्यांसमोर म्हणायची, हा छापखान्यात नाही, झोपखान्यात कामाला आहे. लोक हसायचे, तूही हसायचास. आता डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या कागदावर या आजाराची लक्षणं आहेत आणि पहिलंच आहे, वर्षानुवर्षं राहणारा थकवा. ते मी दोनदा वाचलं. तू आजारी होतास. मी त्या आजाराला आळस म्हणत होते, टाळ्या घेत होते.

आणि ती दुपार. अकरा नोव्हेंबर. आईजवळ दोन ते सहा तुझी पाळी होती. मी कामावरून आले तर आई जमिनीवर, मोडलेल्या खुब्याने कण्हत, आणि शेजारी खुर्चीत तू, मान टाकून. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी तुला काय काय बोलले ते लिहीत नाही, तुला पाठ असेल. शेवटी एवढंच म्हणालास, "ताई, तुझ्या अंगात माझं रक्त आहे. थोडं तरी..."

आणि मी म्हटलं, "मग घे काढून परत. आण बाटली आणि भरून घे."

तू वर गेलेली शर्टाची बाही खाली ओढलीस, बटण लावलंस आणि निघून गेलास. आई तीन महिन्यांनी गेली. तिला निरोप देताना आपण एकाच खोलीत दोन भिंतींना टेकून उभे होतो.

आता जे लिहिते ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, तुझ्या भाऊजींनाही नाही. जाण्याच्या आधी आठवडाभर आई शुद्धीवर होती. ती म्हणाली, "त्याला बोलू नकोस गं. मी त्याला हाकच मारली नाही. कोपराला चिकटपट्टी लावून बसला होता, गाढ झोप लागलेली. म्हटलं, कशाला उठवू लेकराला, दोन पावलं तर जायचंय." धाकट्या, तिने तुला हाक मारलीच नव्हती. हे मी ऐकलं, तिचं पांघरूण नीट केलं, आणि गिळून टाकलं. तुला सांगितलं असतं तर माझा राग ठेवायला जागा उरली नसती. नऊ वर्षं तू समजत राहिलास की आईची हाक तुला ऐकू आली नाही. हा माझा गुन्हा आहे, त्याला दुसरं नाव नाही.

ती चिकटपट्टी आता मला कळते. तू तेव्हाच कुठेतरी रक्त तपासायला दिलं असशील. काहीतरी बिघडलंय हे तुला जाणवलं असेल आणि घरात सांगायला कुणी उरलं नसेल, कारण सांगितलं असतंस तर ताईने त्यावरही विनोद केला असता.

मला माफ कर, असं लिहिणार होते. पण माफी हाही तुझ्याकडून एक बाटली घेण्याचाच प्रकार झाला. त्यापेक्षा तू बरा हो. गोळ्या आहेत, धाकट्या, मला त्यांचा गुण येतोय, ठिपके फिके पडताहेत. फक्त तपासणी कर. मी तुझ्या दारात येऊन बसू का? सांग, येते. तू झोपलेला असलास तर मी हाकही मारणार नाही, बसून राहीन.

ताई


२ एप्रिल

माझ्या धाकट्या,

काल फोनवर तुझा "हॅलो" ऐकला आणि मी नुसतीच रडत राहिले. तू दोनदा म्हणालास, "ताई, फोनचे पैसे तुझे जाताहेत." म्हणून जे बोलायचं होतं ते लिहिते. कागदावर रडलं तरी शब्द कळतात.

तुझं पाकीट परवा दुपारी आलं. मी पॅकिंगच्या टेबलावरच फोडलं. आत लॅबचा रिपोर्ट असणार म्हणून कात्रीला म्हटलं, तू बघ, माझ्याने होत नाही. तिने कागद उलगडले आणि म्हणाली, "अगं, हा रिपोर्ट नाही. रक्तदात्याची कार्डं आहेत. झेरॉक्स. पाच आहेत."

आणि मागे तुझं गिचमिड अक्षर: "ताई, मला काही नाही. दर वेळी सगळं तपासतात, हेसुद्धा. तुझी पहिली दोन पत्रं मला टोमणा वाटली म्हणून गप्प बसलो. तिसरं वाचून राहवलं नाही. तू आधी गोळ्या पूर्ण कर."

एकसष्ट वेळा! सुईला घाबरणारा माझा भाऊ, एकसष्ट वेळा. पहिली नोंद बाटलीच्या जन्माची तारीख. तिथून खाली शिक्के, शिक्के, शिक्के. कात्री मोजत होती आणि तिची कात्री पहिल्यांदाच बंद झाली होती.

म्हणजे तुझं रक्त स्वच्छ आहे. होतं. तू आजारी नव्हतास. मला किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही, आणि त्याच क्षणी एक घाणेरडा विचार आला, तोही सांगते, आता लपवाछपवी बंद. मनात आलं, मग तो थकवा? मग त्या दुपारी नुसताच झोपला होता? बघ माझं मन. तू आजारी निघालास तर माफी आणि धडधाकट निघालास तर पुन्हा खटला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच.

कार्डं पाकिटात परत घालत होते. तिसऱ्या कार्डाच्या मधोमध शिक्का होता: अकरा नोव्हेंबर. त्याच वर्षीचा. शेवटच्या रकान्यात लिहिलेलं, तातडीचे बोलावणे.

मी खोक्यावर बसले. कात्रीने पाणी आणलं.

काल फोनवर मी एवढंच विचारू शकले, "त्या दिवशी रे?" आणि तू म्हणालास, "रात्रपाळी करून सुटलो होतो. ब्लड बँकेतून फोन आला. कुणीतरी बाळंतीण होती ताई, रक्त थांबत नव्हतं. आपला गट कमी लोकांचा. नाही कसं म्हणू?"

नाही कसं म्हणू. व्हरांड्यात तू हे मला सांगू शकला असतास. बाही वर होती, पट्टी तुझ्या कोपरावर होती, नुसती दाखवली असतीस तरी मी त्याच जागी मेले असते. आणि मी कशाबद्दल बोलले? बाटली आण आणि रक्त भरून घे. तू त्याच सकाळी बाटली भरून आला होतास. तू बाही खाली ओढलीस ती ती पट्टी मला दिसू नये म्हणून. मला लाज वाटू नये म्हणून. हो ना? नाही म्हणू नकोस, मी तुला लहानपणापासून ओळखते. ओळखते असं वाटत तरी होतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मी डॉक्टरीणबाईंना मोठ्या शहाणपणाने सुनावलं होतं. नऊ वर्षं तेच तर करत होते.

तू बाळंतिणीचं पुढे काय झालं ते सांगितलं नाहीस, बहुधा तुला माहीतही नाही. मी मात्र ठरवून टाकलंय की ती जगली. कुठेतरी नऊ वर्षांचं पोर आहे आणि त्याला त्याच्या मामाचं नाव माहीत नाही. माझ्या मुलीला माहीत आहे. ती म्हणतेय की आता शाळेत स्वतःहून सांगणार, मला घरी बाटली म्हणतात आणि का म्हणतात.

मेच्या सुट्टीत ये. दोघे या. खुर्ची खिडकीजवळ ठेवली आहे, पाय ठेवायला स्टूलही. आल्या आल्या झोप, कुणी काही म्हणणार नाही.

तुझ्यामुळे जिवंत,
ताई


२२ ऑगस्ट

धाकट्या,

आज शेवटची तपासणी झाली. गोळ्या संपून बारा आठवडे झाले आणि विषाणू नाही. डॉक्टरीणबाईंनी तीनदा सांगितलं, कारण मी तीनदा विचारलं. लघवी स्वच्छ. थर्मासबाईंनी पुन्हा तसंच रक्त नेलं, रस्त्यावरच्या गाड्या थांबवत, आणि आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवलेली नळी दाखवली. तळाशी अगदी पुसट, नखाएवढं काहीतरी. "तेही जाईल," म्हणाल्या, "शरीराला विसरायला वेळ लागतो." भिंतीवर आता त्यांनी मोठ्या अक्षरात पाटी लावली आहे की ही एक नळी बर्फात घालायची नाही. पाटीखाली माझं नाव लिहायला मी सांगितलं, त्या हसल्या.

मेमध्ये तू दोन दिवस झोपलास आणि तिसऱ्या दिवशी उठून विचारलंस, "मग ताई, ती दुसरी बाटली कुणाची?" तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. दवाखान्यात जाऊन आले. तेव्हाच्या वह्या राहिलेल्या नाहीत, कपाट भिजलं तेव्हा टाकून दिल्या. कारकुनाने चार खोल्या उघडून दाखवल्या, बिचाऱ्याने मनापासून शोधलं.

तो माणूस, किंवा बाई, कुठेतरी असेल. चालता चालता दमत असेल आणि कुणीतरी त्याला आळशी म्हणत असेल. त्याच्या पायांवर ठिपके असतील, किंवा दात घासताना रक्त येत असेल आणि थांबत नसेल. त्याने मला रोग दिला, असं मला म्हणताच येत नाही. त्या दिवशी तुझी एक बाटली पुरली नसती.

म्हणून सोबतचा कागद पाठवते आहे. तू बासष्टाव्या वेळी जाशील तेव्हा तिथल्या बाईंना विचारून फळ्यावर लाव. इथल्या रक्तपेढीत मी लावला आहे, आणि कात्रीने न विचारता फुलांच्या खोक्यांवर चिकटवून चार गावांना धाडला आहे. मालकीणबाईंनी बघितलं आणि बघितलं नाही.

ताई

(सोबतचा कागद)

अठ्ठावीस वर्षांपूर्वी ज्यांनी रक्त दिलं त्यांना,

तुम्ही मला ओळखत नाही. तुमचं रक्त एका बाळंतिणीला चढवलं होतं, ती मी. मी जगले. मुलगी मोठी झाली, भूगोल शिकवते, माझ्यासारखीच तोंडाळ आहे. तुम्ही त्या दिवशी कामधंदा टाकून गेला असाल, सुई टोचून घेतली असेल आणि घरी जाऊन कदाचित झोपला असाल. कुणी रागावलं असेल तर त्यांच्या वतीने मी माफी मागते.

तुमच्या रक्तात कदाचित हिपॅटायटिस सी असेल. तुमचा यात काही दोष नाही, तेव्हा कुणालाच कळत नव्हतं. आता कळतं आणि बरंही होतं, मी झाले. कुठल्याही लॅबमध्ये जा आणि तपासून घ्या. सोबत कुणी नसेल तर खालच्या फोनवर सांगा, मी येते. माझा भाऊही येईल. तो सुईला घाबरतो, पण हात धरून बसायला फार चांगला आहे.